तेराशे एकतीस पाय

वृषालीचा लॅपटॉप दर वेळी त्रेसष्ट टक्क्यांवर येऊन अडकायचा. पडद्यावर मुलींच्या वसतिगृहाचा जिना अर्धवट उजळायचा, आतला पंखा घोंघावायचा आणि मग सगळं ठप्प. तीन दिवसांत चौथ्यांदा असं झालं तेव्हा तिनं झाकण मिटलं आणि आईला म्हणाली, "याच्यानं न्हाय व्हायचं गं आता."

पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात तिनं अकरा वर्षं काढली होती. ते ऑफिस बंद पडलं आणि ती भवानीनगरला आई-वडिलांकडं परत आली. सात महिने असेच गेले. मग इंदापूरच्या बापूसाहेब इंजिनिअरांनी तिला काम दिलं. एका संस्थेला मुलींचं वसतिगृह बांधायचं होतं. इमारत उभी राहण्याआधीच आतून फिरून आल्यासारखं वाटावं, अशी तीन मिनिटांची फिल्म कॉम्प्युटरवर करायची आणि विश्वस्तांच्या बैठकीत दाखवायची. बैठक पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी होती. हातात अकरा दिवस होते आणि लॅपटॉप जिन्याच्या वर चढत नव्हता.

डेस्कटॉप घ्यायचा हे ठरलं. त्याचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, कुठल्या कंपनीचा घ्यायचा यावर मात्र घरातच दोन तट पडले.

धाकटा भाऊ ऋषिराज पुण्यात नोकरीला. तो फोनवर म्हणाला, "ताई, एएमडीचा प्रोसेसर घे. डोळे झाकून घे. दुसऱ्या कुणाचं ऐकू नको."

वडील सर्जेराव, ज्यांना घरात सगळे आबा म्हणत, ते शेजारी बसून ऐकत होते. साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट खात्यात चौतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. बॉयलरच्या वाफेचा दाब दाखवणारी घड्याळं दुरुस्त करायची, हे त्यांचं काम. त्यांचं म्हणणं वेगळं. "बारामतीचा लियाकतभाई इंटेल कंपनीचा देतो. तू कॉलेजात असताना त्यानं दिलेला कॉम्प्युटर नऊ वर्षं चालला. भरवशाचा माणूस हाय."

"आबा, माणूस भरवशाचा हाय. पण मशीन माणसावरनं घ्यायचं का?"

"मग काय ऋष्याच्या फोनवरनं घ्यायचं?"

ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की गावात अशीच भांडणं होतात. ज्याच्या दारात जो उभा, त्याला तोच चांगला. वृषाली दोघांशीही वाद घालत बसली नाही. वसतिगृहाच्या जिन्याचा तेवढा तुकडा तिनं पेनड्राइव्हवर घेतला आणि सोमवारी सकाळच्या एसटीनं बारामतीला गेली.

लियाकतभाईंचं दुकान भिगवण रस्त्याच्या बाजूला एका गाळ्यात होतं. पुढं कॉम्प्युटर, मागच्या खोलीत त्यांची मुलगी फरहीन मोबाईल आणि बोर्ड दुरुस्त करायची. लियाकतभाईंनी वृषालीला लगेच ओळखलं. चहा मागवला. काम काय ते नीट ऐकून घेतलं आणि कागदावर यादी लिहायला घेतली. यादीत पहिलं नाव इंटेलचंच पडलं.

"चाचा, एक विचारू? दुसऱ्या कंपनीचा का नको?"

"नको असं न्हाय बाळ. पण वीस वर्षं मी एकच माल विकला. तक्रार घिऊन गिऱ्हाईक परत आलं न्हाय. उद्या तुझं काय अडलं तर मला उत्तर देता आलं पाहिजे. जे मला ठावं न्हाय, ते मी कसं देऊ?"

तेवढ्यात आतून फरहीन म्हणाली, "अब्बा, मागं माझं हाय की. त्याच्यावर लावून बघा."

लियाकतभाई मान खाली घालून हसले. पोरीनं दोन वर्षांपूर्वी स्वतःसाठी मशीन जुळवलं होतं, ते एएमडीचं होतं आणि ते मागच्या खोलीतच बरं, असं दोघांत न बोलता ठरलेलं होतं.

दोन्ही मशीन साधारण एकाच किमतीची. पुढच्या इंटेलवर जिना चढवला, मागच्या फरहीनच्या मशीनवरही तोच जिना. वृषालीनं मोबाईलवर वेळ लावली. पुढच्याला एकोणीस मिनिटं लागली. मागच्याला चौदा.

"पुन्यांदा लाव," लियाकतभाई म्हणाले.

पुन्हा लावलं. अठरा आणि चौदा.

लियाकतभाईंनी चष्मा काढून पुसला. मग मघाच्या यादीवर रेघ मारून कागद उलटा केला. "तुझ्या कामाला हा चांगला. बिलं करायला कोण आलं असतं तर मी माझंच दिलं असतं, ते सांगून ठेवतो. पण एक बघ, धा वर्षांमागं एवढ्या पैशात याच्या निम्मं काम मिळत नव्हतं. ह्या दोन कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्यात, म्हणून तुझं भागतंय."

फरहीननं बाकीची यादी सांगितली. अगदी नवा प्रोसेसर घेतला तर तो बसवायचा बोर्डही नवा लागतो आणि रॅमही नव्या जातीची, महागडी. त्यापेक्षा एक पिढी मागचा घ्यायचा आणि वाचलेले पैसे रॅम आणि पडद्यावर चित्र काढणाऱ्या ग्राफिक कार्डावर घालायचे. वृषालीला ते पटलं. जुळणी मात्र आपण स्वतः करणार, असं तिनं सांगितलं. इतकी वर्षं दुसऱ्यानं लावून दिलेल्या मशीनसमोर बसून ती काम करत आली होती. फरहीन म्हणाली, "करा ताई. रविवारी मला व्हिडिओ कॉल करा, मी सांगत जाईन."

माल पुण्याहून यायला शुक्रवार उजाडला. खोकी घरी आली. आबांनी एकेक खोकं हातात घेऊन वजन बघितलं, वरचं बारीक अक्षर भिंगातून वाचलं. वृषालीनं ती सगळी कपाटावर रचून ठेवली.

शनिवारी बापूसाहेबांनी बोलावलं म्हणून ती इंदापूरला गेली. नकाशात एक खोली वाढली होती. आईही बरोबर गेली, तिची बहीण तिथं होती. घरी आबा एकटेच राहिले.

ती परत आली तेव्हा दिवस कलला होता. आबा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. समोर स्टुलावर पांढरा रुमाल अंथरलेला, त्यावर प्रोसेसरची छोटी प्लॅस्टिकची डबी.

"वृषे, हितं बस जरा," ते म्हणाले. "माझ्याकडनं चूक झाली."

त्यांनी काहीही लपवलं नाही. जसं झालं तसं सांगितलं. दुपारी त्यांना राहवलं नाही. एवढीशी वस्तू एवढं काम कसं करते, ते त्यांना बघायचं होतं. हात साबणानं धुतले, पुसले, डबी उघडली. भिंग लावून खालचे पाय बघत होते. केसासारखे बारीक, सोन्याच्या रंगाचे, ओळीनं लावलेले. तेवढ्यात सिलिंडरवाल्यानं दारातून जोरात हाक मारली. ते दचकले. डबीत परत ठेवायच्या घाईत ती वस्तू बोटातून निसटली आणि फरशीवर कोपऱ्यावर पडली.

वृषालीनं डबी उजेडात धरली. एका कोपऱ्यातले बरेच पाय वाकले होते. दोन तर पार आडवे झोपले होते.

तिनं डबी मिटून ठेवली. "कुणी सांगितलं हुतं तुमाला? आं? दोन दिस कपाटावर हुतं, एक दिस अजून दम निघाला नसता?"

"न्हाय निघाला," आबा म्हणाले.

आई मध्ये काहीतरी बोलायला गेली, पण वृषाली उठून मागच्या अंगणात गेली. तोंडावर पाणी मारलं. ती रडली नाही. गुरुवार, बापूसाहेब, ते सात महिने, पुण्यातल्या मैत्रिणींना सांगून टाकलेलं पहिलं काम, सगळं एकदम डोक्यात आलं. मग तिनं फरहीनला फोन लावला आणि फोटो पाठवले. फरहीननं ते मोठे करून नीट बघितले. शेवटी म्हणाली, "ताई, याला वॉरंटी लागू न्हाय होणार. उद्या रविवार, पुण्याचं गोदाम बंद. सोमवारी मागवला तर बुधवार-गुरुवार. तुम्ही सगळं सामान घेऊन सकाळी दुकानात या. बघू."

आबा रात्री जेवले नाहीत. सकाळी वृषाली आवरून बाहेर आली तर ते दारात उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून. भिंग खिशात.

"मी येतो," ते म्हणाले. "तोंड दाखवायला पायजे."

शेजाऱ्यांच्या जीपमधून दोघं सामानासकट निघाले. हंगाम चालू होता. पिंपळीच्या अलीकडं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढं आला आणि त्याच्यामागं बराच वेळ हळूहळू जावं लागलं. आबा एकदाच बोलले. "लियाकतभाई म्हणंल, माझा माल घेतला असता तर. त्याच्या मालाला पायच नसत्यात, ते बोर्डात असत्यात. मी वाचलंय."

चालत्या गाडीत ते खोकी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते, ते वृषाली बघत होती.

लियाकतभाई तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी आबांना आधी बसायला खुर्ची दिली. "सर्जेराव, माझ्या हातनं बोर्डातले पाय वाकल्यात. एकदा न्हाय, तीनदा. कुणाला सांगितलं न्हाय एवढंच." मग डबी फरहीनकडं दिली.

मागच्या खोलीत फरहीननं प्रोसेसर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. शेजारच्या छोट्या पडद्यावर पाय मोठे होऊन दिसू लागले. अकरा वाकलेले. तुटलेला एकही नाही.

"तेराशे एकतीस पाय असत्यात याला," ती म्हणाली. "अकरा सरळ झाले तर चालंल. पण मी हे कधी केलेलं न्हाय ताई. व्हिडिओत बघितलंय. शिसं घालायची पेन्सिल असती ना, तिच्यातलं शिसं काढायचं आणि पुढची नळी पायावर चढवून हळू उचलायचं. एक जरी मोडला तर गेलं."

आबा तिच्या मागं उभे होते. "नळी," ते पुटपुटले. मग मोठ्यानं म्हणाले, "आमी इंजेक्शनच्या सुईनं करायचो. प्रेशरच्या घड्याळाचा काटा वाकला की. आतली स्प्रिंग बी अशीच, केसावानी. एकदम उचलायचं न्हाय. निम्मं उचलायचं, थांबायचं, मग उरलेलं."

फरहीननं वृषालीकडं बघितलं. लियाकतभाईंनीही. वस्तू वृषालीची होती, सांगायचं तिनंच.

आबांचे हात तिनं बघितले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. सकाळच्या चहाआधी त्यांची बोटं जराशी हलायची, हे तिला माहीत होतं. आणि काल हेच हात. पण लहानपणी कारखान्यात डबा द्यायला गेली की खिडकीतून तिनं हेच हात पाहिले होते. आजूबाजूला गाळपाचा एवढा गोंगाट, आणि आबा कोपर टेबलावर टेकवून काट्यावर वाकलेले. कुणी हाक मारली तर वर न बघणारे.

"आबा, तुम्ही चहा घेतलाय का?" तिनं विचारलं.

"न्हाय."

"चाचा, एक चहा सांगा. आणि आबा, मग तुमीच करा."

आबा तिच्याकडं बघत राहिले. "मोडला तर?"

"मोडला तर मोडला. बापूसाहेबांना मी सांगीन. पण दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा न्हाय मला."

चहा आला. आबा तो सावकाश प्याले. मग खुर्ची नको म्हणाले, बुटकं स्टूल मागितलं, म्हणजे कोपरं टेबलावर टेकतील. पडद्याकडं बघून काम करायचं त्यांना जमेना. त्यांनी खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. लियाकतभाईंनी पुढं जाऊन दुकानाचं शटर निम्मं खाली ओढलं आणि स्वतः बाहेर उभे राहिले, कुणी हाक मारू नये म्हणून.

पहिला पाय उचलायला त्यांना पाच मिनिटं लागली. निम्मा उचलला, हात काढून घेतला, श्वास सोडला. मग उरलेला. दुसरा लवकर झाला. तिसरा, चौथा. फरहीन पडद्यावर बघून हलक्या आवाजात सांगत होती, "थोडा डावीकडं. बास." सहाव्या पायानंतर ते स्वतःच थांबले. उठून उभे राहिले, हात झटकले, भिंतीकडं तोंड करून जरा वेळ उभे राहिले आणि परत बसले.

आडवे पडलेले दोन पाय त्यांनी शेवटी ठेवले होते. त्यांच्याखाली नळी जात नव्हती. आबांनी ब्लेड मागितलं. त्याच्या पातळ कडेनं एकेक पाय जेमतेम उचलला, मग नळी. शेवटचा पाय उभा राहिला तेव्हा फरहीनच्या तोंडून "या अल्ला" निघालं. वृषालीच्या लक्षात आलं, की आपण मघापासून टेबलाची कड घट्ट धरून उभ्या आहोत.

"बोर्ड आण," आबा म्हणाले.

प्रोसेसर बोर्डाच्या खाचेवर ठेवायचा, दाबायचा नाही, असं फरहीननं बजावलं. पाय सरळ असतील तर तो आपल्या वजनानं आत बसतो. वृषालीनं ठरल्याप्रमाणे तो स्वतः ठेवला. क्षणभर तो वरच राहिला. मग तिनं बोटानं जरासं हलवलं आणि तो अलगद खाली उतरला. तिनं कडेचा दांडा ओढून बंद केला.

पुढची जुळणी तिनंच केली. पंखा, रॅम, ग्राफिक कार्ड, वायरी. फरहीन नुसतं बोट दाखवत होती. दीड तासानं सगळं टेबलावर मांडून झालं. लियाकतभाईंनी आपल्या हातानं मॉनिटर आणून जोडला. वृषालीनं बटण दाबलं.

पंखे फिरले. दिवा लागला. पडदा काळाच.

दहा सेकंद गेले. वीस. फरहीननं बंद करून पुन्हा चालू केलं. काळाच. तिनं रॅम काढून परत बसवली. तरी काळाच. आबा कुणाकडं न बघता उठले, वाकून शटरखालून बाहेर गेले आणि दुकानाच्या पायरीवर बसले.

वृषालीनं बोर्डाकडं बघितलं. आतला एखादा पाय मोडला असेल, आपल्याला दिसला नसेल. आता गुरुवारचं बापूसाहेबांना आजच सांगायला हवं. तिनं फोन हातात घेतला.

"अब्बा," फरहीन एकदम म्हणाली. ती टेबलाच्या मागं वाकली होती. "मॉनिटरची वायर तुम्ही कुठं लावली?"

"बोर्डाला. कुठं लावायची? वीस वर्षं तिथंच लावतोय."

"अहो, ह्या प्रोसेसरला स्वतःचं चित्र काढता येत न्हाय! वायर खाली कार्डाला लावायची." ती हसायलाच लागली. वायर काढून तिनं खालच्या ग्राफिक कार्डात खोचली.

पडदा उजळला. कंपनीचं चिन्ह आलं, मग पांढरी अक्षरं. प्रोसेसरचं नाव पुरं दिसत होतं. आतले आठही कोअर दिसत होते. रॅमही बत्तीस जीबीची बत्तीस.

वृषालीला काय करावं ते समजेना. ती खुर्चीवर बसली, पुन्हा उठली. लियाकतभाई डोक्याला हात लावून म्हणाले, "माझ्यापायी त्या माणसाचा जीव गेला असता." आणि तेच आधी बाहेर धावले. "सर्जेराव! उठा. तुमचं काम चोख हाय. गाढवपणा माझा हुता."

आबा आत आले. पडद्याजवळ जाऊन चष्मा सारखा करत त्यांनी अक्षरं वाचली, सगळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग वृषालीकडं वळले. "झालं का गं?"

"झालं आबा."

"चालंल ना गुरुवारपतुर?"

"चालंल." तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तिनं त्यांच्या सदऱ्याची बाही धरली, लहानपणी जत्रेत धरायची तशी, आणि बराच वेळ सोडली नाही. मग फरहीननं सॉफ्टवेअर घालून जिन्याची फाइल लावून दिली. तेरा मिनिटं आणि काही सेकंद. घरी निघताना, कॉम्प्युटरची चौकशी करणाऱ्या एका मुलाला लियाकतभाईंनी "दोन्ही दाखवतो, थांब" असं म्हटलेलं वृषालीनं ऐकलं.

मंगळवारी संध्याकाळी फिल्म पुरी झाली. वाढलेल्या खोलीसकट. बुधवारी तिनं ती आई-आबांना दाखवली. आई म्हणाली, पोरींना कपडे वाळत घालायला जागा कुठाय? वृषालीनं गच्चीवर दोऱ्या लावल्या आणि तेवढा तुकडा जेवण होईपर्यंत नव्यानं तयार झाला. लॅपटॉपवर याला दीड दिवस गेला असता आणि तरी भरवसा नव्हता.

गुरुवारी इंदापुरात बैठकीला सातजण होते. फिल्म संपली. मग राजलक्ष्मीबाई नावाच्या वयस्कर विश्वस्त म्हणाल्या, "त्या गच्चीवरच्या दोऱ्या परत दाखव बरं." वृषालीनं दाखवल्या. "हे ज्यानं सुचवलं त्याला वसतिगृह कळतं," त्या म्हणाल्या. नकाशा मंजूर झाला. बापूसाहेब तिला दारापर्यंत सोडायला आले आणि पुढच्या महिन्यात आणखी एक काम आहे, भेटायला या, असं म्हणाले.

बस स्टँडवर येऊन तिनं घरी फोन लावला. आईनं उचलला. वृषालीनं सगळं सांगितलं, आईनं दोनदा विचारून घेतलं.

"आबांना दे ना."

"झोपलाय तो माणूस," आई म्हणाली. "तू गेल्यापास्नं. शनिवारपास्नं डोळ्याला डोळा न्हाय लागला त्येंचा. तू फिल्म घिऊन बाहेर पडलीस आणि म्हणाले, आता जरा आडवा होतो. घोरायला लागल्यात. उठवू का?"

"नको," वृषाली म्हणाली. "झोपू दे. मी येतेच आता."

भवानीनगरवरून जाणारी बारामतीची गाडी लागली होती. तिला खिडकीजवळची जागा मिळाली. तिनं पर्स मांडीवर ठेवली, डोकं मागं टेकवलं, आणि गाडी सुटायच्या आधीच तिचेही डोळे मिटायला लागले.